कोयता म्हणजे किती माणसं?

'भाषा आणि समाज' असा विषय दिला की वक्ता पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य हमखास म्हणतो : भाषा हा समाजाचा आरसा असतो. हे वाक्य चुकीचं नाही, पण फार सोयीचं आहे. आरसा काही करत नाही, समोर जे येईल ते दाखवतो, त्यामुळे त्याच्यावर जबाबदारी येत नाही. भाषा मात्र पुष्कळ काही करते. हजेरीपटावर कोणाचं नाव चढणार, पैसे कोणाच्या हातात पडणार, आजारी कोणाला पडता येणार, हे ती ठरवते. निदान ठरवायला मदत करते. आज मला भाषेची ही बाजू बघायची आहे. त्यासाठी सगळी मराठी घेणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका धंद्याचे चारपाच शब्द घेणार आहे. धंदा उसाचा, आणि पहिला शब्द 'कोयता'.

आधी थोडा भूगोल. तुम्हाला माहीत आहे, पण ही व्याख्यानं बाहेरगावचेही लोक वाचतात. अहिल्यानगर जिल्हा एक असला तरी पाण्याच्या हिशेबानं दोन जिल्हे आहेत. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. प्रवरेचे आणि गोदावरीचे कालवे आले, तशी श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, राहुरी, संगमनेर ही पट्टी बागायती झाली आणि ऊस आला. पुढे प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचं पहिलं गाळप १९५० च्या हंगामात झालं. दुसरा जिल्हा म्हणजे पाथर्डी, जामखेड, शेवगावचा कोरडा भाग. दसरा-दिवाळी झाली की या कोरड्या भागातली, आणि त्याला लागून असलेल्या बीडच्या आष्टी, पाटोदा, शिरूर कासारमधली माणसं बिऱ्हाड उचलून ऊस तोडायला निघतात. कोणी कोल्हापूर-सांगलीला जातं, कोणी कर्नाटकात, आणि कोणी याच जिल्ह्यात शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. पाच-सहा महिने पाचटाच्या किंवा प्लास्टिकच्या कोपीत राहायचं आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत.

आता या माणसांची मोजदाद कशी होते ते बघा. मुकादमाला विचारलं, "औंदा किती माणसं आणली?" तर तो माणसांत उत्तर देत नाही. तो म्हणतो, "बारा कोयते." बारा कोयते म्हणजे चोवीस माणसं. कारण एक कोयता म्हणजे एक नवरा आणि एक बायको. उचल कोयत्यावर ठरते, टोळी कोयत्यांवर मोजतात, कारखान्याला किती तोडणी यंत्रणा लागेल याचा अंदाजही कोयत्यांवर काढतात. आणि एकटा माणूस आला, बाई विधवा असली किंवा टाकलेली असली, पोरगा बिनलग्नाचा असला, तर तो किंवा ती 'अर्धा कोयता'. हा शब्द सावकाश ऐका. धडधाकट, दोन हातांची, दिवसभर राबणारी बाई समोर उभी आहे आणि भाषेत ती अर्धी आहे. बाई म्हणून अर्धी नाही हं, हत्यार म्हणून अर्धी.

वाहतुकीचे शब्दही याच चालीचे. बैलगाडीवाल्यांचं ते गाडी सेंटर, रबरी चाकांच्या गाड्यांचं टायर सेंटर, आणि जे मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवतात त्यांचं 'डोकी सेंटर'. गाडी, टायर, डोकी. एकाच ओळीत.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? माणसांना वस्तूवरून मोजणं हे सगळ्याच भाषांत आहे. इंग्रजीत गिरणीकामगारांना 'हँड्स', म्हणजे 'हात', म्हणत. चार्ल्स डिकन्सनं १८५४ च्या 'हार्ड टाइम्स'मध्ये या शब्दाची चांगलीच खबर घेतली आहे. आणि आपल्याकडेही 'शंभर उंबऱ्यांचं गाव' म्हणतात, 'चार औतांची शेती' म्हणतात. उंबऱ्यावर कोणी टीका करत नाही, मग कोयत्यावर का?

आक्षेप रास्त आहे. म्हणून फरक नीट बघू. उंबरा मोजला की उंबऱ्याच्या आतलं सगळं त्यात येतं : म्हातारी आली, तान्हं पोर आलं, पाहुणाही आला. उंबरा माणसांना पोटात घेतो. कोयता मोजला की त्यात फक्त काम येतं. कोपीत सांभाळायला आणलेली म्हातारी सासू कोयत्यात नसते. धाकट्या भावाला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर बसलेली नऊ वर्षांची मुलगी कोयत्यात नसते. ती दिवसभर वाढ्याच्या पेंढ्या गोळा करते, पण मोजणीत कुठेच नसते. दुसरा फरक जास्त महत्त्वाचा आहे. उंबऱ्यावर कोणी मजुरी देत नाही. कोयत्यावर देतात.

आता व्याकरणाकडे वळू. मराठीत नवरा-बायकोबद्दल एकत्र बोलायचं तर आपण काय म्हणतो? "दोघं आली." नपुंसकलिंगी अनेकवचन. पुरुष आणि बाई एकत्र असतील तर दोघांना सामावून घेणारं रूप आपल्या व्याकरणात तयार आहे. हिंदीत अशा वेळी पुल्लिंगी रूपावर भागवावं लागतं, मराठीत तशी गरज नाही. पण 'कोयता' शब्द घेतला की वाक्य कसं होतं? "कोयता आला." पुल्लिंग, एकवचन. दोन माणसांचं एक झालं आणि त्या एकाचं लिंग पुरुषाचं झालं. हे केवळ वाक्यात घडतं असं नाही. मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं, उचल नवऱ्याच्या हातात, हंगाम संपल्यावर हिशेब नवऱ्याशी. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, अंधारात फडात जाते, तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, परत येऊन सरपण-पाणी बघते. आणि नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "मंडळी असती मदतीला." वाक्याचं व्याकरण आणि वहीचं व्याकरण एकच आहे. वाक्यामुळे वही तशी झाली की वहीमुळे वाक्य, या वादात मी पडत नाही. दोघी एकमेकींना धरून उभ्या आहेत एवढं दिसतं.

याच फडात, याच दिवशी दुसरी एक मराठी बोलली जाते. ती ऊस-मालकाची. तिच्याकडे बघितलं की 'कोयता' किती तोकडा शब्द आहे ते कळतं. जुलै-ऑगस्टात लावलेला ऊस आडसाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी. जानेवारी-फेब्रुवारीचा सुरू. तोडल्यावर बुडख्यातून फुटून येतो तो खोडवा. प्रत्येकाचं वय वेगळं, टनेज वेगळं, साखर उतारा वेगळा, म्हणून नाव वेगळं. जिथे फरकाला पैसा आहे तिथे भाषेनं फरक जपले. उसाच्या लागणीला चार नावं, आणि तो तोडणाऱ्या दोन माणसांना मिळून एक.

इथे सावध राहिलं पाहिजे. शब्द जास्त म्हणजे विचार जास्त, शब्द नाही म्हणजे विचार नाही, असं गणित मी मांडत नाही. फडातल्या बाईला स्वतंत्र शब्द नाही म्हणून तिला आपण स्वतंत्र माणूस आहोत हे कळत नाही, असं म्हणणं हा तिचा अपमान आहे. तिला चांगलं कळतं. प्रश्न तिला काय कळतं हा नाही. तिला जे कळतं ते वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं, हा प्रश्न आहे.

सहकाराच्या इतिहासात याचं उलट उदाहरणही आहे, आणि ते याच जिल्ह्यातलं आहे. एकेकाळी इथला शेतकरी सावकाराच्या दारात 'कूळ' होता. कारखाना आला आणि तो 'सभासद' झाला. नुसता शब्द बदलला का? नाही. सभासदाला शेअर होता, मत होतं, सर्वसाधारण सभेत उभं राहून अहवालातल्या आकड्यावर प्रश्न विचारण्याचा हक्क होता. शब्दाच्या मागे संस्था उभी होती. त्या शब्दानं दोन-तीन पिढ्यांची मान ताठ केली, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. पण तो बांधापर्यंत येऊन थांबला. ज्याच्या शेतात ऊस उभा तो सभासद, आणि ज्यानं तो आडवा केला तो कोयता. कारखान्याचा नोकर म्हणावं तर करार मुकादमाशी. मुकादमाचा नोकर म्हणावं तर मुकादम म्हणतो, मी नुसता मधला माणूस. 'तुमचा मालक कोण?' या साध्या प्रश्नाला ऊसतोड करणाऱ्याच्या भाषेत सरळ उत्तर नाही.

दुसरा शब्द 'उचल'. किती हलका शब्द आहे! जणू कोणी तरी ठेवलेलं होतं, आपण वाकून उचललं. ही रक्कम आता एका कोयत्याला लाखाच्या घरात जाते. पावसाळ्यात मिळते, लग्नात, दवाखान्यात, बैल घेण्यात खर्च होते आणि मग ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा. हंगाम संपला आणि फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर. म्हणजे व्यवहारात हे कर्ज आहे आणि कष्टानं फेडायचं आहे. पण कोणी त्याला कर्ज म्हणत नाही. आणि क्रियापद बघा : उचल 'घेतली' असं म्हणतात, 'दिली' असं क्वचित. घेणारा डोळ्यासमोर राहतो, देणारा वाक्यातून नाहीसा होतो. फिटली नाही तर 'उचल बुडवली', तिथेही कर्ता मजूरच. पण वजनात घट धरली, खाडे जास्त लावले, हिशेब दाखवलाच नाही, तर 'मुकादमानं बुडवलं' हे वाक्य त्या मानानं कमी ऐकू येतं.

कर्जाला कर्ज म्हणण्यानं काय फरक पडतो, हे या भागाला सांगायची गरज नाही. १८७५ साली सुप्यापासून सुरू झालेले दख्खनचे दंगे आपल्या जिल्ह्यातही पसरले. लोकांनी सावकाराच्या घरात शिरून काय जाळलं? कर्जरोखे. लिहिलेली भाषा जाळली. कारण आपण कशानं बांधलेले आहोत हे त्यांना नेमकं ठाऊक होतं : त्या कागदानं. त्याची चौकशी झाली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाबाबतचा स्वतंत्र कायदा आला. तो पुरेसा होता की नव्हता हा वेगळा विषय. पण रोखा होता म्हणून तो जाळता आला आणि कोर्टात तपासताही आला. उचलीचं तसं नाही. पुष्कळदा ती मुकादमाच्या वहीत आणि तोंडी शब्दात राहते. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा आहे, आणि त्यात आगाऊ रकमेपोटी राबवून घेण्याचा विचार स्पष्ट केलेला आहे. पण 'वेठबिगार' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर साखळदंड आणि दगडखाण येते. 'उचल' म्हटलं की रोजचा व्यवहार वाटतो. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी, असं मी म्हणत नाही. पण कुठली आहे आणि कुठली नाही हे तपासायचं तर आधी प्रश्न सुचायला हवा. कायद्याचा शब्द आणि फडातला शब्द यांची भेटच होत नाही, म्हणून तो सुचत नाही.

तिसरा शब्द सर्वांत अवघड आहे. त्याआधी एक परदेशी गोष्ट सांगतो. बेंजामिन ली व्होर्फ हे नाव भाषेच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. भाषा विचाराला वळण देते, या मताशी एडवर्ड सपीर आणि व्होर्फ ही नावं कायमची जोडली गेली. हा व्होर्फ पोटापाण्यासाठी अमेरिकेतल्या एका आग-विमा कंपनीत काम करायचा. आगी का लागतात याचे अहवाल तपासताना त्याला एक गोष्ट जाणवली. पेट्रोलनं भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागत. पिंपं 'रिकामी' झाली की त्यांच्याजवळ बिनधास्त विड्या-सिगारेटी ओढत. वास्तविक रिकाम्या पिंपात पेट्रोलची वाफ असते आणि ती जास्त धोकादायक. पण 'रिकामं' म्हणजे आत काही नाही, म्हणजे भीती नाही. शब्दानं माणसाला गाफील केलं. व्होर्फचे बाकीचे पुष्कळ निष्कर्ष पुढे अभ्यासकांनी खोडून काढले. पण हे रिकामं पिंप विसरता येत नाही.

आपल्याकडचं रिकामं पिंप म्हणजे 'पिशवी'. गर्भाशयाला आपल्या बायका पिशवी म्हणतात, आणि कित्येक डॉक्टरही पेशंटशी बोलताना तेच म्हणतात. शब्द मायेचा आहे, घरगुती आहे, लाज झाकणारा आहे. पण पिशवी म्हणजे काय? मूल ठेवायची जागा. दोन-तीन मुलं झाली की पिशवीचं काम संपलं. मग ती 'खराब' होते, आणि खराब झालेली पिशवी माणूस काढून टाकतो. शरीरातला अवयव, त्याच्याशी जोडलेले संप्रेरकांचे परिणाम, तिशीत शस्त्रक्रिया झाल्यानंतरची हाडांची, सांध्यांची दुखणी, यातलं काहीही 'पिशवी' या शब्दात मावत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. साधारण सहातली एक. या बायका आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या, आणि त्यांतल्या कित्येक आपल्याच फडांत येणाऱ्या.

एका शब्दामुळे हे घडलं का? छे. फडात संडास नाही, पाणी नाही, रजा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळी वाहायची आहे, आणि काही डॉक्टरांना शस्त्रक्रियेत पैसा दिसतो. ही कारणं पहिली. पण आता आधीचा शब्द परत आणा. हिशेब कोयत्याचा आहे. बाई आजारी पडली तर अर्धं काम होत नाही, कोयताच बंद पडतो. खाडा लागतो तो दोघांवर. बाईच्या दुखण्याला स्वतंत्र जागा नाही, कारण बाईलाच स्वतंत्र जागा नाही. अशा वेळी 'पिशवी काढून टाक, कटकट मिटेल' हा सल्ला शहाणपणाचा वाटू लागतो. 'कोयता' आणि 'पिशवी' हे दोन शब्द असे एकमेकांना भेटतात. आणि कोयता पुरा करायचा म्हणून पोरीचं लग्न वयाच्या आधी उरकतात, तिथेही हिशेब तोच असतो.

मी आतापर्यंत मुकादमाच्या आणि फडातल्या भाषेबद्दल बोललो. आपली, म्हणजे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची भाषा सुटू नये. हंगाम आला की वर्तमानपत्रात ठरलेला मथळा येतो : 'ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दाखल'. याच राहाता तालुक्यात, याच रस्त्यांनी शिर्डीला माणसं येतात. ते 'भाविक' असतात, त्यांचा 'ओघ' असतो, त्यांच्यासाठी 'सुविधा' असतात. ऊस तोडायला येते ती 'टोळी'. चोरांचीही टोळीच असते. आणि दुसऱ्या टोकाला गोड शब्द आहेत. कारखान्याजवळ या मुलांसाठी काढलेल्या शाळांना 'साखरशाळा' म्हणतात. ज्यांनी त्या चालवल्या त्यांच्या कष्टांना नमस्कार. पण ज्या साखरेमुळे पोराची गावातली शाळा सुटली तिचंच नाव त्याच्या शाळेला देताना आपल्याला काही खटकलं नाही, हेही खरं.

मग करायचं काय? शब्द बदलायचे? 'ऊसतोड मजूर' ऐवजी 'ऊसतोड कामगार' म्हणायला लागलो, बरं झालं. मंडळ झालं, गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याणकारी महामंडळ आहे. ग्रामसेवकांमार्फत नोंदणी आणि ओळखपत्रं द्यायचं काम सुरू झालं. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. पण दर वाढला तरी तो शेवटी कोणाच्या हातात पडतो? कोयत्याच्या. म्हणजे वहीत ज्याचं नाव त्याच्या.

नुसतं नाव बदलून काही होत नाही, असं म्हणणारे लोक असतात, आणि नाव बदललं की सगळं झालं असं मानणारेही असतात. मला दोघांचंही पटत नाही. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव बदललं. त्याबद्दल कोणाचं मत काही असो, एक गोष्ट सगळ्यांनी पाहिली : शासनाच्या मनात आलं की पाट्या बदलतात, शिक्के बदलतात, अर्जाचे नमुने बदलतात. म्हणजे सरकारी कागदावरचा शब्द हलत नाही, ही सबब चालणार नाही.

माझी मागणी त्याहून लहान आहे. 'कोयता' हा शब्द बोलण्यातून काढा असं मी म्हणणार नाही. तो ज्यांचा आहे त्यांनी ठरवावं. त्या शब्दात त्यांचा अभिमानही आहे : "आमचा कोयता टोळीत एक नंबर," असं नवरा-बायको दोघंही म्हणतात. पण करारात, हजेरीत, उचलीच्या पावतीत आणि पैसे देताना कोयता नको. तिथे दोन ओळी हव्यात. दोन नावं, दोन वजनं, दोन सह्या किंवा अंगठे, दोन बँकखाती. एक जण आजारी पडला तर एकाचाच खाडा, आणि बाळंतपणाला तर खाडाच नको. एकटी बाई आली तर तिच्या नावापुढे एक लिहा, अर्धा नाही. याला नवीन शब्द लागत नाही आणि भाषातज्ज्ञही लागत नाही. रेघा आखलेली वही लागते.

आणि आपण जे बोलतो-लिहितो, त्यांनी या हंगामात एक साधी गोष्ट करून बघावी. कोणी सांगितलं की अमुक गावच्या फडात वीस कोयते उतरलेत, तर विचारावं : म्हणजे माणसं किती? बाया किती? पोरं किती? बहुतेक वेळा सांगणाऱ्याला उत्तर माहीत नसतं. मग त्यानं जाऊन मोजावं, किंवा आपण जावं. मोजायला मराठीत शब्द आहेत.